रघुजींचं पिस्तूल

अंबुबाईंनी डाव्या हाताची चार बोटं पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, रोवली, उजव्या हाताने मूठ आवळली आणि बोअरवेलमध्ये अडकलेली मोटर वर खेचावी तसा जोर लावला. स्लाइड जागची हलली नाही. कट् असा आवाज मात्र आला, आणि काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या बोपण्णांनी मान तिरकी करून तो ऐकला.

"हा आवाज पिस्तुलाचा नाही," ते म्हणाले.

"कळलं मला. कोपराचा आहे. पुन्हा बघते."

"आई, प्लीज," मागून त्यांची सून शाल्मली म्हणाली. "त्या कोपराचे फिजिओचे सहा सेशन्स झालेत."

"मग सातवं इथे करते."

दुकान बंगळूरच्या कब्बनपेठेतल्या एका गल्लीच्या वळणावर होतं. बाहेर सळ्यांचं दार, आत जाड काचेची कपाटं, आणि भिंतीवर रानडुकराचं एक मुंडकं. आत शिरताना शाल्मलीची ओढणी त्याच्या सुळ्याला अडकली होती आणि ती त्याला 'सॉरी' म्हणाली होती. मालक बोपण्णा कोडगूचे, म्हणजे कूर्गचे. आजोबांपासून हाच धंदा. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते घेणार की नुसतं हाताळून जाणार हे आपल्याला पावलांवरून कळतं, असं ते सांगत. अंबुबाईंच्या पावलांवरून त्यांना काहीच कळलं नव्हतं. सत्तरीला दोन कमी, पायात कापडी बूट, खांद्यावर भाजीची पिशवी आणि पिशवीत शस्त्र परवाना. असं गिऱ्हाईक आजोबांच्याही काळात आलं नसावं.

आल्या आल्या त्यांनी काय हवं ते सांगितलं होतं.

"तळहातात मावलं पाहिजे. पण तोंड मोठं पाहिजे. अंगठा जाईल असं."

"अंगठा जाईल अशी तोफ असते, अक्का."

"बरं, अंगठा नको. करंगळी."

बोपण्णांनी त्यांची करंगळी बघून घेतली होती. मग आत जाऊन त्यांनी हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं हे पिस्तूल आणलं. पॉइंट फोर फाइव्ह, करंगळीच्या टोकाएवढं तोंड. परदेशी, जुनं, म्हैसूरकडच्या एका कॉफीमळेवाल्याचं, त्याच्या पोरांनी विकायला ठेवलेलं. लांबीला पेढ्याच्या छोट्या खोक्याएवढं, वजनाला पाऊण किलो. किमतीत एक बऱ्यापैकी मोटार आली असती. अंबुबाईंनी त्यासाठी ठेव मोडली होती, आणि मोडताना बँकेतल्या मुलीने कारण विचारलं तेव्हा खरं सांगितलं होतं. ती मुलगी अजून सावरली नसावी.

खरं सांगणं हा अंबुबाईंचा जन्माचा रोग होता. दूधवाल्याने चुकून एक पिशवी जास्त टाकली तर त्या त्याच्यामागे अर्धा किलोमीटर पळायच्या. बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर उतरताना त्याला हाका मारून थांबवायच्या आणि मागच्या वीस जणांच्या शिव्या खायच्या. आणि अशा बाईला देवाने नवरा दिला तो रघुजी.

रघुजी सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होते. हाताने सरळ, जिभेने थापाड्या. बत्तीस वर्षांपूर्वी त्यांनी सर्जापूर रोडपासून तीन किलोमीटर आत दीड एकर जमीन घेतली, चिकूची चाळीस झाडं लावली आणि दोन खोल्या बांधल्या. तेव्हा तिथे रस्ता नव्हता, दिवे नव्हते, शेजार नव्हता. फक्त चोर होते. पहिल्याच वर्षी पंप गेला. दुसरा पंप बसवला त्या दिवशी रघुजी गावातल्या चहाच्या टपरीवर बसले आणि त्यांनी आपल्याजवळ पिस्तूल असल्याचं जाहीर केलं. तळहातात मावणारं, पण तोंड असं की अंगठा जावा. त्याने त्यांनी बन्नेरघट्ट्याच्या जंगलाकडून आलेल्या बिबट्यावर एक गोळी झाडली होती. ती गोळी आधी चिकूचा देठ कापून गेली, मग बिबट्याच्या डाव्या बाजूच्या मिशा, मग शेजारच्या गावातल्या देवळाच्या घंटेवर टण्णकन आदळली. आणि आरतीची वेळ झाली समजून पुजाऱ्याने भर दुपारी निरांजन लावलं. बिबट्या पुन्हा आला नाही. चोरही आले नाहीत. कारण चोर त्याच टपरीवर चहा प्यायचे.

अंबुबाई मात्र विचारील त्याला सांगायच्या, "कसलं पिस्तूल! यांच्याकडे खिळा ठोकायला हातोडी नाही." लोक हसायचे आणि मनात म्हणायचे, बाई हुशार आहे, घरात काय आहे ते बोलत नाही.

चार वर्षांपूर्वी रघुजी गेले. आता मळ्याच्या तिन्ही बाजूंना अठरा-अठरा मजले उभे होते आणि चौथ्या बाजूला एका बिल्डरला रस्ता हवा होता. रस्ता चिकूंमधून जाणार होता.

"ओढू नका," बोपण्णा म्हणाले. "ढकला. डावा हात तसाच घट्ट ठेवायचा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकलायची. अंगाचं वजन घाला. स्वल्प खांदा पुढे. हां."

अंबुबाईंनी खांदा पुढे घातला. जात्यावर बसल्यासारखं अंग झुकवलं आणि ढकललं.

खळ्ळ!

स्लाइड मागे गेली आणि सुटली. रानडुक्करसुद्धा दचकल्यासारखं वाटलं. अंबुबाईंनी पिस्तुलाकडे पाहिलं, मग बोपण्णांकडे, मग तेच आणखी चार वेळा केलं. चौथ्या वेळी त्या मोठ्याने श्वाससुद्धा घेत नव्हत्या.

"सरी, बरोबर," बोपण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच धंद्याबाहेरचं काहीतरी आलं. "माझ्या दुकानात तिशीतली जिम करणारी पोरं हे पहिल्या दिवशी करू शकत नाहीत."

"त्यांना ढकला म्हणून सांगितलं नसेल."

शाल्मलीने फोनमध्ये डोकं घातलं. ती पुण्याची. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती आणि अंबुबाईंचा मुलगा मकरंद इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायचे, एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या इमारतींमध्ये बसायचे आणि दुपारी एकमेकांना जेवलास का म्हणून मेसेज करायचे. मकरंदने आईला स्पष्ट सांगितलं होतं, की या वेडेपणात मी येणार नाही. जमीन विक, आमच्याकडे ये, खालच्या बागेत रोज संध्याकाळी दहा मराठी बायका बसतात. शाल्मलीने मात्र रजा टाकून गाडी काढली. कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुम्ही विचार बदललात तर घरी आणायला कुणीतरी हवं ना."

विचार बदलायला अंबुबाईंनी कुणाला फारशी जागा ठेवली नव्हती. परवान्यासाठी त्या दोन वर्षं हिंडल्या होत्या. डॉक्टरचा दाखला आणला, डोळ्यांचा आणला, डोकं ठिकाणावर असल्याचा वेगळा आणला. हवालदार चौकशीला आला तेव्हा त्याला चिकू दिले आणि चिकू लाच नाहीत असं लिहून घेतलं. बंदूक चालवायच्या प्रशिक्षणाला गेल्या, तिथे पंचविसातल्या एकवीस गोळ्या निशाण्यावर मारल्या आणि बाकीच्या चार कुठे गेल्या ते शोधल्याशिवाय घरी जायला तयार होईनात. फाइल एवढी जाड झाली होती, की तीच उचलून एखाद्याच्या डोक्यात घातली असती तर पिस्तुलाची गरज उरली नसती. परवाना मिळाला, पण त्यावर शस्त्र घ्यायची मुदत असते. तिचे नऊ दिवस उरले होते. आणि रविवारला तीन.

रविवारी त्या बिल्डरचा गिरीराज जेसीबी आणणार होता.

"अक्का, विकायच्या आधी मी सगळं सांगतो," बोपण्णा म्हणाले. त्यांनी पिस्तूल आपल्याकडे ओढून घेतलं आणि फडक्यावर आडवं ठेवलं. "अंग लहान, गोळी मोठी. म्हणजे स्कूटरला लॉरीचं इंजिन. धावते, पण कुठे ते आधी सांगत नाही. हाताला असा हिसका बसतो की पहिली गोळी समोरच्याची आणि दुसरी छताची. आत सहा मावतात. नळी आखूड, म्हणजे दहा-बारा पावलांपलीकडे देवाचं नाव घ्यायचं. सरावाची काडतुसं महाग, आणि वर्षाला ठरावीकच मिळतात."

"बरं."

"त्यापेक्षा लहान तोंडाचं, बत्तीसचं घ्या. हलकं आहे, स्लाइड मऊ आहे, हातात बसतं. माझ्या बहिणीला मी तेच दिलंय."

"तुमच्या बहिणीच्या नवऱ्याने गावभर काय सांगितलं होतं?"

"म्हणजे?"

मग अंबुबाईंनी बोपण्णांना सगळं सांगितलं. बिबट्या, देठ, मिशा, पुजारी, काही गाळलं नाही. हिशेब, भांडण आणि बाजार त्या कन्नडात करायच्या. पाच पिढ्या बंगळूरात गेलेल्या घराण्यातल्या होत्या. देव, नवरा आणि सून यांच्याशी मराठीत. नवऱ्याची गोष्ट कन्नडात सांगायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि सांगताना त्यांच्या लक्षात आलं की ती कन्नडातही तेवढीच चांगली वाटते. गोष्ट निरांजनापाशी आली तेव्हा बोपण्णा हसायला लागले आणि त्यांना चष्मा काढावा लागला.

"बत्तीस वर्षं सगळ्यांनी ऐकलंय ते मोठ्या तोंडाचं," अंबुबाई म्हणाल्या. "लहान तोंडाचं नेलं तर हे खोटे ठरतील."

"पण ते खोटंच होतं ना, अक्का?"

"हो. म्हणून तर आले. आता खरं करायचंय."

बोपण्णांनी चष्मा पुसला, परत घातला आणि आतल्या बाजूला तीन कॉफी सांगितल्या.

"आमच्या कोडगूत," ते हळू म्हणाले, "मुलगा जन्मला की बंदुकीचा बार काढतात, माणूस गेला की काढतात. सणाला बंदुकीची पूजा करतात, फुलं वाहतात. घरोघर असते. पण एक सांगतो. ज्याच्या घरी असते तो तिच्याबद्दल बोलत नाही. जो बोलतो त्याच्याकडे नसते."

"यांच्याकडे नव्हतीच."

"आणखी एक सांगायचं राहिलं. निवडणूक जाहीर झाली की हे पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायचं. निकाल लागला की परत मिळतं."

"किती दिवस?"

"महिना. दोन महिने. विधानसभा, लोकसभा, पंचायत, महापालिका. मधेच कुणी आमदार मेला तर ती एक वेगळी."

शाल्मलीने फोन खाली केला. "एक मिनिट. म्हणजे आई, इलेक्शनच्या सीझनमध्ये, जेव्हा या लोकांची पोरं मोकाट फिरतात, बिर्याणी खाऊन, झेंडे लावून, तेव्हा तुमचं पिस्तूल पोलीस स्टेशनात आराम करणार?"

"बाकीच्या वेळी घरी असेल ना?"

"आणि त्यांना बरोब्बर कळणार ते कधी नाही ते!"

"शाल्मली, तू कॉफी घे."

शाल्मलीने कप घेतला आणि खिडकीपाशी गेली. काचेला आतून सळ्या होत्या आणि सळ्यांपलीकडे गल्ली. एक घोट घेऊन ती तशीच थांबली.

"आई. तो आलाय."

"कोण?"

"गिरीराज. समोर, शहाळेवाल्यापाशी. बाईक लावून उभाय."

अंबुबाई वळल्या नाहीत. त्यांना त्यात नवल वाटलं नाही. सकाळी गाडी फाटकातून बाहेर पडत होती तेव्हा तो रस्त्याच्या कडेला कुणा टेपवाल्याबरोबर मोजमापं घेत होता. गाडी थांबवून त्याने काचेत वाकून विचारलं होतं, कुठे निघालात अक्का? आणि त्यांनी खरं सांगितलं होतं: बंदुकीच्या दुकानात.

गिरीराज बिल्डरचा माणूस, पण मूळ त्याच गावातला. अडतिशीचा, कपाळावर कुंकू, बोलायला खडीसाखर. गेलं वर्षभर तो दर रविवारी यायचा. येताना फळं आणायचा, फाटकाबाहेर चपला काढायचा, आणि चहा घेऊन झाला की जमिनीचा विषय काढायचा. तो गेला की आठवड्यात काहीतरी व्हायचं. कधी कुंपण आडवं, कधी पंपाची वायर कापलेली, एकदा कुत्रं नाहीसं. "पोरं ऐकत नाहीत, अक्का," तो पुढच्या रविवारी मान खाली घालून म्हणायचा, "मी बोललो त्यांना."

गेल्या रविवारी त्याने मान खाली घातली नव्हती.

"अक्का, अण्णांचं ते पिस्तूल अजून आहे का?" चहाची बशी खाली ठेवत त्याने विचारलं होतं; रघुजींना तो अण्णा म्हणायचा. अंबुबाईंनी बशी उचलली. तेव्हा तो हसला होता. "लहानपणी आम्हाला वाटायचं, अक्का लपवतात. आता कळतं. तुम्ही कधी खोटं बोलत नाही. तुम्ही तेव्हापासून सांगत होता, नाही म्हणून. आम्हीच येडे." मग उठता उठता म्हणाला, "पुढच्या रविवारी जेसीबी येईल. कडेची आठ झाडंच काढू पहिल्यांदा. तुम्ही तोपर्यंत मकरंदकडे जा. तुमच्या डोळ्यांदेखत नको."

बोपण्णांनी पिस्तूल पुन्हा अंबुबाईंच्या हातात दिलं. गोळ्यांचं मॅगझिन काढून घेतलेलं, नळी दोनदा तपासलेली.

"घेणारच असाल तर एकदा नेम धरून बघा. हातात धरणं वेगळं आणि रोखणं वेगळं. ते बँकेचं कॅलेंडर आहे ना, त्यातल्या आजच्या तारखेवर धरा. दोन्ही हात. आणि लक्षात ठेवा, प्रशिक्षणात सांगितलं असेलच. ज्याला मारायचं नाही त्याच्यावर नळी कधी जाऊ द्यायची नाही. रिकामं असलं तरी."

अंबुबाईंनी दोन्ही हातांनी पिस्तूल उचललं. ते आता त्यांना जड वाटत नव्हतं. पाय फाकवून त्या उभ्या राहिल्या, डोळा बारीक केला, आणि कॅलेंडर शोधत हात डावीकडून उजवीकडे नेला. मध्ये खिडकी होती.

दोन सळ्यांच्या मधोमध, नळीच्या टोकावरच्या नेमाच्या दाण्यावर, गिरीराजचं डोकं बसलं. शहाळ्यात स्ट्रॉ घालून तो खाली वाकला होता. गाल आत गेले होते आणि भुवया वर. शहाळ्यातलं पाणी संपलं होतं तरी तो ओढत होता. लहानपणी चिकूच्या झाडाखाली, कुंपणाच्या दगडावर बसून रघुजींची गोष्ट ऐकतानाही त्याच्या भुवया अशाच वर जायच्या. गावातली बाकीची पोरं गोष्ट संपली की चिकू खिशात घालून पळायची. हा एकटा थांबायचा. "अण्णा, मागच्या वेळी तुम्ही उजव्या मिशा म्हणाला होता," असं म्हणायचा, आणि रघुजी खूश होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. संध्याकाळी त्याची आई त्याला कान धरून घेऊन जायची, तरी तो मागे वळून विचारायचा, "आणि मग पुजारी काय म्हणाला?"

"अक्का!" बोपण्णांनी काउंटरवरून हात लांब करून त्यांचं मनगट खाली दाबलं. "रस्त्याकडे नको."

"चुकलं," अंबुबाई म्हणाल्या.

पण त्यांनी कॅलेंडरकडे हात नेला नाही. त्यांनी पिस्तूल हिरव्या फडक्यावर ठेवलं, नळी भिंतीकडे करून. त्यावर त्यांच्या बोटांचे ओले ठसे उमटले होते. पदराच्या टोकाने त्यांनी ते पुसले. आधी मुठीवरचे, मग स्लाइडवरचे, मग चापाच्या आजूबाजूचे. सावकाश, शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं भांडं परत करताना पुसतात तसे. मग फडक्याची चारही टोकं त्यावर दुमडली.

"नको," त्या म्हणाल्या.

बोपण्णांनी फडकं बाजूला सरकवलं. "बत्तीसचं दाखवू?"

"नको. बेडा. कुठलंच नको."

"मुदतीचे नऊच दिवस राहिलेत. लायसन्स जाईल."

"जाऊ दे."

शाल्मलीने कप ठेवला. सकाळपासून हेच ऐकायला ती आली होती, आणि आता ऐकल्यावर तिला बसावंसं वाटलं. दुकानात स्टूल एकच होतं, ती त्यावर बसली.

"आई, ओके. छान. म्हणजे, मला बरंच वाटलं," ती म्हणाली. "पण मग रविवारी काय करायचं? तो जेसीबी घेऊन येणारच आहे. तुम्ही आमच्याकडे येताय का?"

"नाही."

"मग?"

"मी माझ्या घरी असेन."

"एकट्या?"

अंबुबाईंनी भाजीची पिशवी खांद्यावर सारखी केली. त्या कपाटांकडे बघत होत्या. अकरा वाजून गेले होते आणि बोपण्णांनी त्यांच्यासाठी आतली ठेवणीतली वस्तू काढली होती, कॉफी पाजली होती, कोपराचा आवाज ऐकून घेतला होता. अशा दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर पडायची रीत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती.

"तुमची भवानी झाली का आज?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हीच पहिल्या."

"मग काहीतरी द्या. परवाना लागत नाही असं."

बोपण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या फळीवरून नळी साफ करायचा एक लांब दांड्याचा ब्रश आणि तेलाची छोटी बाटली काढली. "शिलाई मशीनलाही चालतं," ते म्हणाले. दोन्ही वस्तू त्यांनी एका जाड खाकी पिशवीत घातल्या. पिशवीवर दुकानाचं नाव होतं आणि नावाखाली एकमेकींवर तिरक्या ठेवलेल्या दोन बंदुका छापलेल्या. पैसे घेतल्यावर त्यांनी ते डोळ्यांना लावले आणि दारापर्यंत येऊन सळ्यांचं दार स्वतः उघडून धरलं.

बाहेर ऊन चांगलं तापलं होतं. गाडी दहा पावलांवर, एका हार्डवेअरच्या टेम्पोमागे अडकलेली. गिरीराजने शहाळं टोपलीत टाकलं, रुमालाने ओठ टिपले आणि रस्ता ओलांडून तो आला. आल्या आल्या त्याने आधी पिशवीकडे पाहिलं.

"काय अक्का, उन्हातान्हात," तो म्हणाला. "इकडे माझंही एक काम होतं, म्हटलं बघावं. झाली का खरेदी?"

"झाली."

"मग दाखवा तरी. लहानपणापासून नुसतं ऐकत आलोय." त्याने शाल्मलीकडे बघून डोळे मिचकावले. "नवीन आहे की सेकंडहँड?"

"काय?"

"पिस्तूल, अक्का. घेतलंत ना?"

टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली आणि काळा धूर सोडला. धूर विरेपर्यंत अंबुबाई गिरीराजच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शाल्मलीने त्यांचा दंड धरला. 

"पिस्तूल कशाला घेऊ?" अंबुबाई म्हणाल्या. "ते आहेच की घरी. काडतुसं संपली होती."

गिरीराज हसायला लागला, आणि हसू अर्ध्यावर असताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याबरोबर कुणी हसत नाहीये.

"संपली?"

"हो ना."

"संपली म्हणजे... कशी संपली?"

"कशी संपणार? वापरून."

त्याने पिशवीकडे पाहिलं. ती अंबुबाईंनी छातीशी धरली होती, बंदुकांची बाजू बाहेर करून. मग त्याने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. बत्तीस वर्षांत त्याने या बाईच्या तोंडून एक खोटा शब्द ऐकला नव्हता. त्याच्या भुवया वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"अण्णांना जाऊन चार वर्षं झाली, अक्का," तो हळू म्हणाला.

"हो रे. त्यांनी ठेवलेली यंदाच्या उन्हाळ्यापर्यंत पुरली." अंबुबाईंनी गाडीचं दार उघडलं. "रविवारी येतोयस ना? उजाडल्यावर ये. अंधारात मला स्वल्प कमी दिसतं हल्ली."

त्या आत बसल्या आणि पिशवी मांडीवर घेतली. शाल्मलीने किल्ली दोनदा चुकीच्या बाजूला फिरवली. गाडी मागे घ्यायला जागा नव्हती. मागून एक रिक्षा, दोन स्कूटर आणि एक हातगाडी दाटीने येत होती.

गिरीराज तसाच उभा होता. मग तो रस्त्याच्या मध्ये गेला, दोन्ही हात पसरून त्याने रिक्षा थांबवली, हातगाडीवाल्यावर खेकसला, आणि अंबुबाईंची गाडी पूर्ण बाहेर निघेपर्यंत कुणाला पुढे येऊ दिलं नाही.